पार्श्वभूमी: दम्यातील असमान वायुवीजन आणि एका टक्केवारीचा घोळ

स्पायरोमेट्रीचा, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून घेण्याच्या श्वासचाचणीचा, आकडा तोंडाशी मोजलेला असतो. दोन रुग्णांचा आकडा सारखा आला, तरी एकाच्या फुप्फुसात हवा सगळीकडे थोडी कमी पोचत असेल, दुसऱ्याच्या काही भागांत अजिबात पोचत नसेल. हा फरक बघायचा तर चित्रच हवे.

१९६०च्या दशकात किरणोत्सर्गी झेनॉन-१३३ श्वासावाटे देऊन हा प्रयत्न झाला. लक्षणे नसलेल्या दमेकऱ्यांतही रिकामे भाग दिसले, पण चित्र सपाट आणि धूसर होते. पुढे आलेल्या किरणोत्सर्गी टेक्नेशियमच्या एरोसोलने (बारीक थेंबांच्या फवाऱ्याने) वेगळी पंचाईत केली. त्याचे थेंब अरुंद झालेल्या मोठ्या नळ्यांतच चिकटत आणि तिथल्या चकाकत्या ठिपक्यांपुढे बाकीचे झाकले जाई.

विषयाला खरे वळण २००५च्या पेट स्कॅनवरील (किरणोत्सर्गी पदार्थ शरीरात कुठे आहे ते दाखवणाऱ्या चित्रणावरील) कामाने दिले. सलाइनमध्ये विरघळवलेला नायट्रोजन-१३ शिरेतून दिला, की रक्तात न टिकता तो वायुकोशांत उतरतो. हवा खेळती असलेल्या भागांतून तो काही श्वासांत धुऊन निघतो, बाकीच्या भागांत अडकून राहतो. नळ्या आकुंचित करणारे औषध दिल्यावर बिघाड सगळीकडे सारखा पसरला नाही, मोठमोठ्या पुंजक्यांत गोळा झाला. कारण असे मांडले गेले: नळी थोडी अरुंद झाली की तिच्या पुढच्या भागात हवा कमी जाते, तो भाग कमी ताणला जातो, आणि बाहेरून नळीला उघडे ठेवणारी ओढ घटल्याने ती आणखी आवळते.

साध्या एमआरआयला फुप्फुस काळेच दिसते. म्हणून श्वासावाटे द्यायच्या वायूचेच चुंबकीय ध्रुवण (त्याच्या अणुकेंद्रांचे एका दिशेने वळणे) लेसर व रुबिडियमच्या वाफेने हजारो पटींनी वाढवतात. १९९४ मध्ये हे उंदराच्या काढलेल्या फुप्फुसात झेनॉन-१२९ने जमले, १९९६ मध्ये माणसात हेलियम-३ने. २००९च्या सुमारास हेलियम-३चा तुटवडा पडला आणि सगळे झेनॉनकडे परतले. त्याचा सिग्नल क्षीण, आणि १.५ टेस्लाच्या चुंबकात त्याची वारंवारता सुमारे १७.७ मेगाहर्ट्झ, हायड्रोजनची ६४. म्हणजे वेगळी कॉइल (सिग्नल टिपणारे तारेचे वेटोळे) आलीच. हातात वेळही थोडा, कारण फुप्फुसातला ऑक्सिजन हे ध्रुवण साधारण २० सेकंदांत उतरवतो आणि चित्रासाठी दिलेली प्रत्येक रेडिओ-पल्स त्यातलाच वाटा खाते. रुग्णाने श्वास मध्येच सोडला, तर वायूची ती पिशवी वाया. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील नियामकाने १२ वर्षे व त्याहून मोठ्या रुग्णांसाठी झेनॉनच्या या चित्रणाला मान्यता दिली.

आता घोळ. या चित्रांतून ‘व्हीडीपी’ (व्हेंटिलेशन डिफेक्ट पर्सेंट) काढतात: फुप्फुसाच्या एकूण आकारमानापैकी वायू न पोचलेला भाग किती टक्के. ऐकायला सोपे. पण ‘न पोचलेला’ म्हणजे किती कमी? एक पद्धत सरासरी सिग्नलच्या ६० टक्क्यांखालचे सारे बिघाड मानते. आजार वाढला की सरासरीच घसरते आणि मोजपट्टी रुग्णासोबत खाली सरकते. दुसरी पद्धत सिग्नलचे गट पाडून सर्वांत खालचा उचलते, पण निरोगी फुप्फुसातही कुठला तरी गट खालचा असणारच. तिसरी निरोगी व्यक्तींच्या वितरणाशी तुलना करते. इथे त्या व्यक्तींचे वय कळीचे, कारण वयाबरोबर निरोगी फुप्फुसातही असे भाग वाढतात.

त्याआधीच्या दुरुस्त्याही आकडा हलवतात. कॉइलजवळचा भाग उगाच उजळ दिसतो. ते न सुधारल्यास दूरचा भाग बिघाडात मोजला जातो. जास्त सुधारल्यास खरा फरकही पुसला जातो. फुप्फुसाची सीमा वेगळ्या प्रोटॉन स्कॅनवरून, म्हणजे हायड्रोजनच्या साध्या एमआरआयवरून, आखतात. त्या वेळी रुग्णाने श्वास कमी-जास्त घेतला असेल, तर श्वासपटलालगत खोटी किनार उमटते. त्यामुळे एका केंद्राचा ८ टक्के आणि दुसऱ्याचा ८ टक्के शेजारी ठेवून तुलना करणे धाडसाचेच. एकाच रुग्णाचे, एकाच पद्धतीने काढलेले आधीचे व नंतरचे आकडे मात्र विश्वासार्ह ठरतात.

आकड्यापेक्षा जागा जास्त बोलते, असे आमचे मत. अनेक रुग्णांत तेच भाग पुन्हा पुन्हा बंद सापडतात. साल्ब्युटामॉल या नळ्या सैल करणाऱ्या औषधानंतर जे उघडतात तिथे स्नायूंचे आवळणे धरावे. जे उघडत नाहीत तिथे सीटी स्कॅनवर नळीत कफाचा बूच शोधावा. २०१८ पासून असे बूच ब्रॉन्कोपल्मोनरी सेग्मेंटनिहाय (फुप्फुसाच्या एकेका नळीच्या शाखेने हवा मिळणाऱ्या भागानुसार) मोजून ० ते २० गुण देतात. जास्त गुणांसोबत बहुधा इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या असतात, आणि अशा नळीसाठी नुसता इनहेलरचा डोस वाढवून भागत नाही.