वृद्धाश्रम, शुश्रूषागृह की मानसिक आरोग्य आस्थापना? कोल्हापुरातील स्मृतिभ्रंश निवासामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात चालू वृद्धाश्रमाचा एखादा मजला किंवा बंद पडलेले प्रसूतिगृह स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कायम निवासासाठी वापरण्याचा विषय निघाला, की चर्चा जागा, खर्च आणि मावशी मिळतील का, यापासून सुरू होते. प्रत्यक्षात ती अडते नोंदणीच्या अर्जापाशी. ही संस्था वृद्धाश्रम, शुश्रूषागृह की मानसिक आरोग्य आस्थापना, याचे उत्तर ज्या कायद्याच्या चौकटीतून द्यावे त्यानुसार बदलते आणि त्यावर पुढचे जवळपास सारे अवलंबून असते.

स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण असलेल्या अल्झायमर या आजाराचे पहिले वर्णन 1906 मध्ये जर्मनीत झाले, तरी आपल्याकडे पुढची कित्येक दशके ही अवस्था ‘म्हातारचळ’ या एका शब्दात आणि ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीत मिटवली जात होती. सांभाळ घरात, आणि बहुतेक घरांत सुनेकडे. फारच झाले तर आंबा घाट उतरून रत्नागिरीचे मनोरुग्णालय होते. पण तिथे नेले की माणसावर आणि घराण्यावर वेडाचा शिक्का बसतो, या भीतीने कुटुंबे तो रस्ता टाळत. ही भीती आजच्या वादातही आहे, फक्त तिची भाषा कायद्याची झाली आहे.

ज्या इमारतींचा आज विचार होतो त्या बहुधा पेठांमधल्या, राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या जुन्या दवाखान्यांच्या आहेत. खाली तपासणी, मधल्या मजल्यावर खोल्या, वर डॉक्टरांचे घर, अशी त्यांची रचना. बाळंतपणे मोठ्या रुग्णालयांकडे गेली आणि खोल्या रिकाम्या पडल्या. ‘मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949’ खाली त्यांची नोंदणी झालेली असल्याने ‘नोंदणी तर आहेच’ असा मालकांचा समज असतो. चार-पाच दिवसांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या खोलीत माणूस चार-पाच वर्षे राहणार आहे, हा फरक त्या कागदावर दिसत नाही.

वृद्धाश्रमांची वाट वेगळी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या 2007 च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी निवासाची तरतूद सुचवली. त्यात विचार होता तो निराधारपणाचा, विस्मरणाचा नव्हे. अनेक खासगी वृद्धाश्रमांच्या प्रवेश अर्जात आजही ‘स्वतःची कामे स्वतः करता येणे आवश्यक’ अशी अट असते. पासष्टीत ती अट पूर्ण करून आलेल्या आजी अठ्ठ्याहत्तरीत जेवण झाल्याचे विसरून पुन्हा ताटाशी येऊन बसतात. त्यांना कोणी बाहेर काढत नाही आणि अर्जातली अटही कोणी बदलत नाही. तेव्हा ज्याला आपण रूपांतर म्हणतो, ते पुष्कळदा आधीच होऊन गेलेल्या बदलाची कबुली असते.

खरा गुंता 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने निर्माण केला, किंवा समोर आणला. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, आकलन आणि दिशाभान यांच्या जोडीला ‘स्मृती’ हा शब्द आहे. आजार ठरवताना मान्य वैद्यकीय निकष वापरावेत असेही तो सांगतो, आणि आजारांच्या जागतिक वर्गीकरणात स्मृतिभ्रंश मानसिक विकारांच्या प्रकरणात येतो, तर त्यामागचा अल्झायमर हा आजार मज्जासंस्थेच्या प्रकरणात. एकाच माणसाची दोन प्रकरणे. अशा व्यक्ती जिथे राहतात ते ठिकाण मानसिक आरोग्य आस्थापना ठरते, मग मुक्काम तात्पुरता असो वा नसो. सूट आहे ती नातेवाइकांसोबतच्या घराला. चालकांचे म्हणणे, हे घरच आहे. कायद्याचा मजकूर सरळ वाचला तर ते टिकणे कठीण आहे.

मात्र चालकांची तक्रार पूर्णपणे निराधार नाही. स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीला दाखल करण्याची मुदत प्रथम 30 दिवसांची, त्यानंतर 90, 120 आणि 180 दिवसांच्या टप्प्यांनी वाढणारी आहे. बरा होऊन घरी जाणारा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून हे टप्पे आखले गेले. स्मृतिभ्रंशात परतीचा प्रवास नसतो. शिवाय 1987 च्या जुन्या कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती, ती नव्या कायद्यात राहिली नाही. पेन्शन वडिलांच्या खात्यात, सही त्यांना आठवत नाही आणि केंद्राचे मासिक शुल्क त्याच पैशांतून द्यायचे, असा पेच पडला की कुटुंबाला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. 18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू होईपर्यंत ते दार मुंबईत होते.

दाराचाच दुसरा, अगदी लाकडी अर्थाचा प्रश्नही आहे. दिवेलागणीच्या सुमारास या आजाराचे अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, पिशवी भरतात आणि ‘घरला जायचंय’ म्हणत दाराशी येतात. कडी लावली तर एकांतात कोंडून ठेवण्यास मनाई करणारी 2017 च्या कायद्यातील तरतूद समोर येते. उघडे ठेवले तर आजोबा रंकाळा तलावाच्या रस्त्याला लागतात. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा अर्भके दगावली, त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेची तपासणी झाली, आणि बाहेर पडण्याचा मार्ग आतून चटकन उघडला पाहिजे यावर भर आला. कडीच्या जागी माणूस बसवणे हा उपाय सर्वांना मान्य आहे. तिन्ही पाळ्यांच्या मावशींचा पगार कोणी द्यायचा, हे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

जागा निवडताना कोल्हापूरला नदीही मोजावी लागते. जिना चढता न येणाऱ्यांसाठी तळमजला सोयीचा. पण पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, की नदीकाठच्या वस्त्यांतून माणसे हलवण्यास सुरुवात होते. 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर गेले, आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्लीसारखे शहरातले भागही बुडाले. आपली खोली ओळखीची राहावी म्हणून दाराला लग्नातला फोटो लावलेल्या आजींना रात्रीतून बोटीत बसवायचे, तर तो फोटोही सोबत घ्यावा लागेल.