परदेशात इंग्रजी साहित्य शिकण्याची पार्श्वभूमी : नाशिकहून पाहताना

नाशिकच्या कॉलेज रोडवर परदेशी शिक्षणाचे फलक बहुतेक इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटचे. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मुलंमुलीही बाहेर जातात, पण ती कोण आणि काय शिकायला जाणार, हे गेल्या काही वर्षांत पैशांइतकंच नियमांनीही ठरवलं आहे.

साहित्याला संस्कृतीच्या अभ्यासाची जोड मिळाली ती १९६४ नंतर, बर्मिंगहॅमला त्यासाठी स्वतंत्र केंद्र निघालं तेव्हापासून. ते केंद्र २००२ मध्ये बंद झालं, तरी त्याची पद्धत सगळीकडे रुजली. आज जात, वंश, भाषा हे इंग्रजी विभागांचे नेहमीचे विषय आहेत.

म्हणूनच फेब्रुवारी २०२२ चा निर्णय बोचतो. अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. तेव्हा जागा १२५ होत्या आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. त्या वर्षीच्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास वगळण्यात आले. कोणता विषय यात मोडतो, हे निवड समितीच्या हाती. सरकारचं म्हणणं असं, की या विषयांची साधनं आणि जाणकार देशातच आहेत, तेव्हा हा पैसा इतर विषयांना मिळावा.

इंजिनिअरला याने काही फरक पडला नाही. पण दलित आत्मकथनं कृष्णवर्णीय अमेरिकन लेखनाशेजारी ठेवून वाचायची असतील तर? वसाहतकाळात आपल्याकडे इंग्रजी कसं शिकवलं गेलं, हे शोधायचं असेल तर त्यातली कितीतरी कागदपत्रं लंडनमध्येच आहेत. साधनं इथंच असल्याचा युक्तिवाद तिथे टिकत नाही. ऐपत असलेल्या घरातल्या मुलाला तोच विषय स्वखर्चाने घेता येतो. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यालाच तो सोडावा लागतो. नाशिककरांना तर हे चटकन कळावं. २ मार्च १९३० ला इथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करणारे नेते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकले होते, आणि मे १९१६ मध्ये तिथे त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर.

कर्ज काढून जाणाऱ्यांचं गणित व्हिसावर चालतं. ब्रिटनने शिक्षणानंतर दोन वर्षं काम करण्याची सोय २०१२ मध्ये बंद केली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा दिली. जानेवारी २०२४ पासून वर्षभराच्या एम.ए.ला जाणाऱ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत नेता येत नाहीत. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम.ए.वाल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत. अमेरिकेत साहित्याच्या पदवीवर १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना त्यावर आणखी २४. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, त्यामुळे तिथल्या इंग्रजी विभागांची चौकशी आधी करावी. मात्र बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो भरावे लागतात.