कॅप अँड बॉल रिव्हॉल्व्हर: दारू, टोपी आणि बाकीचं सामान आलं कुठून?

कोकणात ज्यांनी ठासणीची बंदूक बघितलीय त्यांना हे रिव्हॉल्व्हर कळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. प्रकार तोच, फक्त नळीऐवजी फिरत्या सिलिंडरच्या खणांत ठासायचं, आधी दारू, वर शिशाची गोल गोळी आणि मागे प्रत्येक निपलवर, म्हणजे खणाच्या मागच्या भोकाच्या छोट्या बोंडावर, एक तांब्याची टोपी. काडतूस नाहीच. म्हणून काडतुसात जे एकत्र येतं ते इथे सुटंसुटं विकत घ्यावं लागतं, आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो की दारू कुठली, वॉड कशाला, ग्रीस कशाला. यातली जवळपास प्रत्येक वस्तू कधीतरी कुणाचंतरी अडलं म्हणून आलीय, ते कळलं की निवडणं खूप सोपं जातं.

टोपीचंच बघा. स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ पक्ष्यांची शिकार करायचे, पण चकमकीच्या बंदुकीत रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, आधी भडकायची आणि बार उडेपर्यंत पक्षी सावध व्हायचे. मग त्यांनी ठोका बसला की पेटणारं फल्मिनेट वापरून १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे तेच फल्मिनेट तांब्याच्या छोट्या टोपीत आलं, आणि टोपी होती म्हणूनच सॅम्युअल कोल्टचं १८३६ चं रिव्हॉल्व्हर लोकांच्या हातात टिकलं, नाहीतर प्रत्येक खणाला रंजक भरत कोण बसणार होतं!

कोल्टचं पहिलं पॅटरसन मॉडेल भरायचं म्हणजे ते सुटं करावं लागायचं, १८३९ च्या सुमारास नळीखाली ठासायचा लिव्हर आला. हा लिव्हर काय करतो ते जवळून बघण्यासारखं आहे. गोळी खणापेक्षा केसभर मोठी असते, लिव्हर दाबला की ती आत घुसताना शिशाची बारीक अंगठी कापली जाऊन बाहेर पडते. पूर्ण अंगठी पडली तर गोळी घट्ट बसली, अर्धवट पडली तर गोळीचा साइज चुकलाय.

मग १८४७ चं कोल्टचंच वॉकर मॉडेल. जवळपास दोन किलो वजन आणि एका खणात ६० ग्रेन म्हणजे साधारण ४ ग्रॅम दारू. त्या काळच्या लोखंडाला ते झेपेना, बऱ्याच जणांचे सिलिंडर फुटले, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ड्रॅगूनमध्ये खणच लहान केले. १८५१ च्या ३६ कॅलिबर नेव्ही मॉडेलला तर २० ते २५ ग्रेन पुरते. माझ्या मते या हत्यारात जास्त दारू घालून मिळत काहीच नाही, धूर आणि काजळी तेवढी वाढते. आणि बिनधुराची दारू तर कधीच नाही, ती १८८४ ची, तिचा दाब या सिलिंडरना सोसणारा नाही.

वॉड आणि ग्रीस एका भीतीपोटी आले. एक खण उडताना ठिणगी शेजारच्या खणात शिरली तर दोन-तीन बार एकदम उडतात, म्हणून गोळीवर चरबी फासायची किंवा खाली वॉड, म्हणजे तेलात भिजवलेली फेल्टची चकती ठेवायची. त्याने काजळीही मऊ राहते. ढिली टोपी गळून मागूनही आग शिरते असं बरेच जण मानतात, त्यामुळे टोपी निपलवर घट्ट बसणारीच घ्या.

आता दारू, आणि इथे आपला संबंध येतो. काळ्या दारूत सगळ्यात जास्त सोरा, आणि त्या काळी उत्तम सोरा बिहारचा, तो ब्रिटिशांच्या ताब्यात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर १८६१ च्या शेवटी बंदुकीची दारू बनवणाऱ्या द्यू पाँ घराण्यातले लॅमो द्यू पाँ गुपचूप लंडनला जाऊन मिळेल तेवढा हिंदुस्थानी सोरा घेत होते, तेवढ्यात उत्तरेच्या आरमारानं ट्रेंट या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन दूत पकडले, त्यावरून भांडण झालं आणि ब्रिटननं माल अडवला. ते कैदी सोडून दिल्यावरच तो सुटला. म्हणजे उत्तरेच्या सैनिकांच्या कोल्ट आणि रेमिंग्टनमध्ये बिहारच्या मातीतला सोरा जळत होता, हे मला फार विलक्षण वाटतं.

१८७३ मध्ये कोल्टचं काडतुसाचं रिव्हॉल्व्हर आलं आणि हे सगळं सामान मागे पडलं. ते परत आलं १९५० च्या दशकाच्या शेवटी, यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा इटलीत उबेर्तीसारख्यांनी नकला बनवायला घेतल्या. खरी काळी दारू स्फोटक म्हणून साठवायला कटकटीची, म्हणून १९७० च्या दशकात तिच्या जागी वापरायचं पायरोडेक्स आलं. ते काळ्या दारूपेक्षा हलकं, त्यामुळे वजनावर नाही, मापानं भरायचं. खऱ्या दारूत रिव्हॉल्व्हरला तीन एफचा बारीक दाणा बरा, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. काजळी दोन्हीची, त्याच दिवशी गरम पाण्यानं धुतली नाही तर गंज ठरलेला.

पितळी फ्लास्क जुन्या लाकडी पेटीत सगळ्यात देखणा दिसतो, त्याची तोटी हेच माप, अंगठा लावून उलटा केला की एका बाराची दारू तयार. पण खणात धगधगता कण उरला असेल तर सगळा फ्लास्क हातात फुटू शकतो, म्हणून दारू आधी वेगळ्या मापात काढायची आणि मगच खणात ओतायची.