माठाची छिद्रं उघडी, हंडीची बुजलेली

दोन-तीन उन्हाळे वापरलेला माठ पहिल्यासारखं पाणी गार करत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यात कुंभाराचा दोष क्वचितच असतो. बहुतेकदा माठाची छिद्रं बुजलेली असतात.

साधं मडकं साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसला भाजतात. मातीत रासायनिक बंधाने अडकलेलं पाणी ५००-६०० अंशांच्या आसपास निघून जातं, म्हणून भाजलेल्या मडक्याचा पुन्हा चिखल होत नाही. पण सगळे कण वितळून एकजीव व्हायला एवढी उष्णता पुरत नाही, त्यांच्यात बारीक फटी राहतात. कुंभार मातीत घोड्याची लीद मळतात, तीही भट्टीत जळून जाते आणि मागे पोकळ्या सोडते.

या फटींतून पाझरलेलं पाणी बाहेर उडून जातं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतं. दहा लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडालं आणि ती सगळी उष्णता आतल्या पाण्याने दिली असं धरलं, तर पाणी जवळपास सहा अंशांनी उतरेल. मात्र हवा कोरडी हवी. नागपुरात ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओला पृष्ठभाग २३ अंशांपर्यंत उतरू शकतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तो २८ अंशांवरच अडतो. कोकणातल्या माठाकडून वैदर्भीय अपेक्षा ठेवू नयेत. जागा सावलीची पण वाऱ्याची बघावी. बंद कोपऱ्यात माठ नुसताच घामेजतो.

पाणी उडतं, क्षार मागे राहतात. बोअरच्या जड पाण्याने माठाच्या अंगावर पांढरं फुटतं ते हेच. काथ्याने, साध्या पाण्यात घासावं. न निघणारा थर बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्याला लिंबू चोळलं की तो विरघळतो. साबण नको, तो छिद्रांत मुरतो आणि नंतर पाण्याला वास देतो. तैलरंगाने चकचकीत केलेला माठ तर मुळातच घेऊ नये.

आणि माठ म्हणजे फिल्टर नव्हे. भिंतीतून गाळून बाहेर येणारं पाणी उडून जातं, आपण पितो ते आत उरलेलं. त्यामुळे भरायचं पाणी आधीच शुद्ध हवं, आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं.

स्वयंपाकाच्या हंडीचं सगळं उलट. तिची छिद्रं बुजवायची असतात. नवी हंडी रात्रभर भिजवून, तिच्यात तांदळाची पेज मंद आचेवर उकळतात. पेजेतला स्टार्च ६०-८० अंशांच्या दरम्यान फुगून चिकट होतो आणि फटींत बसतो. रिकामी ओली हंडी एकदम मोठ्या आचेवर ठेवू नये. छिद्रांतल्या पाण्याची वाफ व्हायला लागली की तिला सोळाशे पट जागा लागते, आणि ती न मिळाल्यास तडा जातो. तापलेल्या हंडीत गार पाणी ओतणंही तितकंच वाईट.

हंडी मिठाने घासा, असा सल्ला सर्रास मिळतो. घासून लगेच भरपूर पाण्याने धुतली तर ठीक, पण खारं पाणी भांड्यात राहू देऊ नये. ते भिंतीत शिरतं, पृष्ठभागाशी येऊन सुकतं, आणि तिथे वाढणारे मिठाचे स्फटिक मातीचे पापुद्रे सोडवतात. लोणचं साध्या मडक्यात न मुरवता झिलईच्या चिनी मातीच्या बरणीत भरतात, त्यामागे हेही एक कारण आहे.