मुलीचे वेगळे नाव जन्मदाखल्यात नोंदवताना: ठाणे व नवी मुंबईतील पालकांसाठी

प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी, देयक भरण्याच्या आणि औषधे समजून घेण्याच्या धावपळीत, जन्मनोंदणीचा अर्ज समोर येतो आणि त्यावर ‘बाळाचे नाव’ असा रकाना असतो. बारसे अजून व्हायचे असते, आत्याने कानात नाव सांगितलेले नसते, आजी-आजोबांचे एक नाव आणि आई-वडिलांचे दुसरे अशी ओढाताण चालू असते. अशा वेळी तो रकाना रिकामा ठेवला तरी जन्माची नोंद अडत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 मध्ये जन्माची नोंद आणि नावाची नोंद या दोन वेगळ्या बाबी मानल्या आहेत. जन्माची माहिती 21 दिवसांच्या आत निबंधकाकडे जावी लागते आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. नावासाठी मात्र कलम 14 नुसार स्वतंत्र मुभा आहे.

ही मुभा नेमकी किती, याविषयी बराच गोंधळ असतो. नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांपर्यंत आई, वडील किंवा पालक नाव कळवू शकतात आणि त्यासाठी विलंब शुल्क लागत नाही. ही मुदत जन्मतारखेपासून नव्हे, तर नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते. त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत नाममात्र विलंब शुल्क भरून नाव घालता येते. कायद्याच्या शब्दांत ही माहिती तोंडी किंवा लेखी, कशीही देता येते. प्रत्यक्षात लेखी अर्जच घेतला जातो आणि पालकांच्या दृष्टीनेही तेच हिताचे आहे, कारण नाव कोणत्या अक्षरांत मागितले होते याचा पुरावा त्यामुळे हाती राहतो.

अर्ज कुठे करायचा, हे राहत्या घरावरून नव्हे, तर जन्म जिथे झाला त्यावरून ठरते. घणसोलीत राहणाऱ्या दांपत्याची मुलगी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जन्मली असेल, तर तिची नोंद ठाणे महानगरपालिकेकडे असते आणि नवी मुंबईच्या विभाग कार्यालयात चकरा मारून काहीही साध्य होत नाही. खारघर किंवा कामोठ्यातील रुग्णालयात जन्म झाला असेल, तर बोलीभाषेत तो परिसर नवी मुंबईच असला तरी नोंद पनवेल महानगरपालिकेकडे सापडते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत असल्याने अनेक मुलींची नोंद साताऱ्याला, नाशिकला किंवा कोकणातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत असते. आईला आणि बाळाला इकडे आणण्यापूर्वीच नाव पक्के झाले असेल तर ते तिथेच नोंदवून घ्यावे, म्हणजे पुन्हा तेवढ्यासाठी प्रवास पडत नाही.

ठाण्यात प्रभाग समिती कार्यालय आणि नवी मुंबईत विभाग कार्यालय हे चौकशीचे पहिले ठिकाण होय. सोबत नाव नसलेला मूळ जन्मदाखला किंवा त्यावरील नोंदणी क्रमांक, आई व वडील दोघांच्या आधार कार्डाच्या प्रती आणि दोघांच्या स्वाक्षरीचा अर्ज न्यावा. मुलगी शाळेत जाऊ लागल्यानंतर नाव घालायचे असेल, तर शाळेचा बोनाफाईड दाखलाही जवळ ठेवावा, कारण ती कोणत्या नावाने ओळखली जाते हे त्यावरून दाखवता येते. एकल मातेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले आहे की जन्मदाखल्यासाठी तिच्याकडून केवळ प्रतिज्ञापत्र घ्यावे. वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही.

आता वेगळ्या नावाविषयी. मान्य नावांची यादी, किंवा निषिद्ध नावांचीही, या अधिनियमात नाही. नावाचा अर्थ काय, ते कोणत्या ग्रंथात आहे, याआधी कुणाचे होते का, हे निबंधकाने तपासावे अशी तरतूदही नाही. त्यामुळे ‘असे नाव चालते का’ या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘चालते’ असेच आहे. खरी अडचण अर्थाची नसून अक्षरांची असते. दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत अशा दोन्ही लिप्यांत येते, आणि अनोळखी नाव कानावर पडले की लिहिणारा माणूस सवयीचे जवळचे नाव लिहून मोकळा होतो. ‘त्विषा’ची ‘तृषा’ होणे ही कल्पनेतली भीती नव्हे.

इंग्रजी अक्षरांचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘ज्ञेया’ हे नाव मराठी उच्चाराप्रमाणे डी-एन-वाय या अक्षरांनी सुरू होते, हिंदी वळणाने जी-वाय ने आणि संस्कृतच्या अभ्यासकांच्या पद्धतीने जे-एन ने. ‘त्विषा’मधील ‘व’ साठी व्ही लिहावा की डब्ल्यू, ‘ऋजुल’च्या आरंभी आर-यू लिहावे की आर-आय, ‘ओवी’च्या शेवटी आय पुरतो की दोन ई हवेत, यांपैकी कोणतेही रूप चूक म्हणता येत नाही, आणि नेमके म्हणूनच ते घरात बसून आधी ठरवावे लागते. अंकशास्त्राच्या सल्ल्याने एखादे अक्षर वाढवायचे असेल तर तेही याच टप्प्यावर वाढवावे. दाखला मिळाल्यानंतर नव्हे. माझ्या मते कागदावर दोन्ही लिप्यांत मोठ्या, सुट्या अक्षरांत नाव लिहून तो कागद अर्जाला जोडणे आणि संगणकात भरलेला मजकूर अंतिम करण्यापूर्वी स्वतः वाचून पाहणे, एवढी खबरदारी बहुतेक पुढचे त्रास टाळते.

पूर्ण नावाची रचनाही आता बदलली आहे. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी राज्य शासनाने बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. म्हणून निवडलेले नाव या चारही शब्दांसह एकदा मोठ्याने म्हणून पाहावे आणि आई-वडिलांची नावे त्यांच्या आधार कार्डावर आहेत तशीच दाखल्यावर आली आहेत ना, हेही ताडून पाहावे.

एवढी काळजी घेण्याचे कारण कलम 15 मध्ये आहे. हे कलम चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी आहे. लेखनिकाची चूक असेल तर निबंधक खात्री करून ती दुरुस्त करतो. आशयाची चूक असेल तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वसनीय व्यक्तींचे निवेदन द्यावे लागते. दोन्ही वेळा मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहिली जाते. पालकांचे मन बदलणे ही मात्र चूक नसते. आवड बदलली म्हणून नाव बदलायचे झाल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्धी देण्याचा मार्ग उरतो. अल्पवयीन मुलीसाठी तो अर्ज पालक करतात, पण त्या प्रसिद्धीने जन्मनोंदवही आपोआप बदलत नाही.

नाव बदलण्याची गरज खरोखर असते, हेही नमूद करायला हवे. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाने वाढलेल्या 285 मुलींनी एका शासकीय समारंभात नवी नावे घेतली होती.

नाव घातलेला दाखला हाती आल्यावरच बाल आधारसाठी अर्ज करावा. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी यांसाठी जन्मतारखेचा पुरावा हाच दाखला आहे आणि पारपत्रासाठीही तोच मागितला जातो. बाल आधार आधी काढून दाखल्यावरील नाव नंतर वेगळ्या अक्षरांत आले, तर दोन कागद जुळवण्याचे काम पालकांच्याच गळ्यात पडते. बाल आधार पाच वर्षांखालील मुलांचे असते आणि त्यात बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर व पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे नोंदवावे लागतात. त्या दोन्ही वेळी केंद्रावर जाताना पावतीवरील नावाची अक्षरे जन्मदाखल्याशी पडताळून घ्यावीत.