अल्पाइनच्या पोटात फोर्डचं व्ही-8: सनबीम टायगरची पार्श्वभूमी

जुन्या छोट्या गाडीत मोठं इंजिन बसवायचं म्हटलं की कट्ट्यावरच्या गप्पा हॉर्सपॉवरवर जातात. गॅरेजमध्ये मात्र पहिला प्रश्न जागेचा असतो. इंजिन मावतं का, स्टीअरिंगला अडतं का, बॉनेट बंद होतं का? सनबीम टायगर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार जन्माला आली ती जागा सापडली म्हणून, आणि बंद पडली तीही जागेपायीच. कारखान्याने स्वतःच केलेल्या इंजिन-बदलाचं याहून बोलकं उदाहरण मला तरी माहीत नाही.

टायगरचं मूळ म्हणजे सनबीम अल्पाइन. हिलमन, हंबर, सनबीम या गाड्या बनवणाऱ्या रूट्स ग्रुपने ती 1959 मध्ये बाजारात आणली. (याच रूट्सने 1949 मध्ये मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी काढली होती. पुढे ती मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्याकडे गेली आणि लॅम्ब्रेटा स्कूटरमुळे घरोघरी पोचली.) अल्पाइन दिसायला देखणी होती. खालचा तळ मात्र हिलमन हस्की या साध्यासुध्या घरगुती गाडीचा, आणि इंजिन आधी 1494, मग 1592 सीसीचं, जेमतेम 80 हॉर्सपॉवरच्या आसपास. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, स्पोर्ट्स कारची विक्री शर्यतींच्या निकालावर चालायची. तिथे या गाडीचा निभाव लागेना.

वाट दाखवली ती दुसऱ्याच एका गाडीने. इंग्लंडच्या एसी कंपनीला ‘एस’ या मॉडेलसाठी ब्रिस्टलचं इंजिन मिळेनासं झालं होतं. टेक्सासचा माजी शर्यतपटू कॅरॉल शेल्बी याने ते हेरलं आणि 1962 मध्ये त्या हलक्या सांगाड्यात फोर्डचं व्ही-8, म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या दोन रांगांत आठ सिलिंडर असलेलं इंजिन, बसवलं. ती झाली कोब्रा. शेल्बीचं वर्कशॉप कॅलिफोर्नियात होतं, आणि रूट्सचा तिथला विक्री व्यवस्थापक इयन गॅराड जवळच राहत होता. त्याचे वडील नॉर्मन गॅराड रूट्सच्या शर्यत विभागाचे प्रमुख. फॉर्म्युला वन विजेता जॅक ब्रॅबहॅम याने अल्पाइनमध्ये फोर्डचं व्ही-8 घालायची कल्पना आधी वडिलांच्या कानावर घातली, वडिलांनी ती मुलाकडे पोचवली.

इयनने अल्पाइनचं बॉनेट उघडलं आणि आतली जागा मोजली, तीही साध्या लाकडी पट्टीने. मग सर्व्हिस विभागाचा प्रमुख वॉल्टर मकेंझी याला आसपासच्या शोरूममध्ये पिटाळलं: या मापात बसेल असं व्ही-8 शोधून आण. मकेंझी नव्या गाड्यांची बॉनेटं उघडत फिरला आणि परत येऊन म्हणाला, फोर्डचं 260 बसेल. 260 म्हणजे क्युबिक इंचांत, आपल्या हिशोबात सुमारे 4.2 लिटर.

हे इंजिन सापडणं हा निव्वळ योगायोग नव्हता. फोर्डने 1962 च्या मॉडेलांसाठी ओतकामाची नवी पद्धत आणली होती. तिच्यामुळे बिडाच्या ब्लॉकच्या भिंती पातळ ठेवता येत, म्हणून हे व्ही-8 आकाराने आटोपशीर आणि वजनाने जेमतेम 200 किलोचं होतं. दुसरी गोष्ट त्या वेळी कुणी फारशी मनावर घेतली नसेल, पण या साऱ्या कथेची कळ तीच आहे. फोर्डचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग, इंजिनाच्या पुढच्या टोकाला होता. त्यामुळे इंजिनाची मागची बाजू डॅशबोर्डच्या पुढच्या पत्र्याला जवळजवळ टेकवता येत होती. व्ही-8 पुढे सरकवलं तर रेडिएटरला जागा उरत नाही आणि गाडीचं नाक जड होतं, म्हणून ते मागे ढकलता येणं फार मोलाचं होतं.

शेल्बीने पहिली गाडी बनवून द्यायला 10,000 डॉलर आणि आठ आठवडे मागितले. कंपनीचे प्रमुख थोरले लॉर्ड रूट्स यांना पत्ता न लागू देता त्यांचा मुलगा ब्रायन याने पैशांची सोय करायचं कबूल केलं. जाहिरातीच्या खात्यातून काढू म्हणाला. इयनला तेवढाही दम नव्हता. त्याने शर्यतपटू आणि मेकॅनिक केन माइल्स याच्याकडून 800 डॉलरमध्ये आणखी एक जुळणी करून घेतली. आठवडाभरात गाडी उभी राहिली, दोन गिअरच्या ऑटोमॅटिकसह. इंजिन बसतं आणि गाडी पळते, एवढं माइल्सने सिद्ध केलं. ती धड वळण घेईल असं करणं हे शेल्बीचं काम होतं. अल्पाइनचा जुना स्टीअरिंग बॉक्स व्ही-8च्या आड येत होता, तो काढून रॅक अँड पिनियन प्रकारचं स्टीअरिंग घातलं गेलं. तयार गाडीत पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या, मागचा अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड जोडला आणि बॅटरी डिकीत नेली.

जुलै 1963 मध्ये शेल्बीची गाडी इंग्लंडला गेली. लॉर्ड रूट्स यांनी ती स्वतः चालवून पाहिली आणि थेट हेन्री फोर्ड दुसरे यांना फोन लावून 3,000 इंजिनांची ऑर्डर दिली. गाडी बनवायचं कंत्राट आपल्याला मिळेल अशी शेल्बीला आशा होती. त्याला प्रत्येक गाडीमागे रॉयल्टी मिळाली, काम मिळालं वेस्ट ब्रॉमविचच्या जेन्सनला. व्होल्वोने आपल्या पी-1800ची जुळणी तिथून स्वीडनला हलवल्यामुळे त्यांचे हात मोकळेच होते.

जेन्सनकडे बॉडी यायची ती रंगवून, आतल्या सजावटीसह पूर्ण. इंजिन तर आत सरकायला हवं, म्हणून कामगार घण उचलायचा आणि त्या नव्याकोऱ्या, रंगवलेल्या पत्र्याचा आडवा येणारा भाग ठोकून आत चेपायचा. आपल्याकडच्या एखाद्या गॅरेजमध्ये असं झालं असतं तर गिऱ्हाइकाने तिथेच भांडण काढलं असतं. इथे ती उत्पादनाची ठरलेली पायरी होती!

एप्रिल 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गाडी झळकली. नाव टायगर, सर हेन्री सीग्रेव्ह यांनी 1926 मध्ये साउथपोर्टच्या किनाऱ्यावर ताशी 152 मैलांचा विक्रम केला त्या सनबीमवरून घेतलेलं. 164 हॉर्सपॉवर, म्हणजे अल्पाइनच्या दुपटीने. वजन मात्र पाचव्या हिश्शानेच वाढलं, आणि पुढच्या-मागच्या चाकांवर ते जवळपास निम्मं निम्मं पडत होतं. वर्षानुवर्षं कोब्राची स्वस्तातली नक्कल म्हणून या गाडीला नाक मुरडलं गेलं, ते मला अन्यायाचं वाटतं. कारखान्यात बनलेली, रोज वापरता येईल अशी गाडी होती ती.

अर्थात दाटीवाटीची किंमत मेकॅनिक मोजत. डाव्या बाजूचा शेवटचा स्पार्क प्लग बॉनेटमधून हाताला लागतच नसे. त्यासाठी पत्र्याला भोक ठेवून रबरी बूच लावलेलं होतं. बूच काढायचं, आणि गाडीच्या आतून पाना घालून प्लग खोलायचा. ऑइल फिल्टरही मूळ जागेवरून हलवावा लागला. उन्हाळ्यात इंजिन तापायचं ते वेगळंच. फ्रान्समधल्या 24 तासांच्या ल मान्स शर्यतीत 1964 मध्ये दोन टायगर उतरल्या, दोन्हींची इंजिनं बसली.

त्याच वर्षी क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीने रूट्समध्ये मोठा हिस्सा घेतला, वर्षअखेरीस लॉर्ड रूट्स वारले आणि 1967 मध्ये कंपनीचा ताबा क्रायस्लरकडे गेला. आता आपल्याच शोरूममधली गाडी प्रतिस्पर्धी फोर्डचं इंजिन घेऊन फिरणार, हे मालकांना कसं रुचावं? तिच्यावर ‘फोर्ड 260’चा बिल्ला होता, तो आधी उतरवला. स्वतःचं व्ही-8 क्रायस्लरकडे होतं, 273 क्युबिक इंचांचं, मापात फोर्डपेक्षा फार मोठं नाही. पण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला. इंजिन पत्र्याला टेकवावं तर तो आडवा येणार. पत्रा बदलावा तर अख्खी बॉडी नव्याने आखावी लागणार. एवढा खर्च कोण करतो? 4.7 लिटर फोर्ड इंजिनाच्या काहीशे गाड्या बनल्या, उरलेली इंजिनं संपली आणि 1967 च्या मध्यावर टायगर थांबली. एकूण सुमारे 7,000 गाड्या झाल्या.

इंग्लंडमध्ये धडा एमजी या स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपनीलाही मिळाला, उलट्या क्रमाने. 1967 मध्ये आपल्या एमजीबी या गाडीत 2.9 लिटरचं सहा सिलिंडरचं बिडाचं इंजिन घालून त्यांनी एमजीसी काढली. बॉनेटला फुगवटा द्यावा लागला, पुढचं सस्पेन्शन बदलावं लागलं, आणि जड नाकामुळे समीक्षकांनी तिला झोडपलं. केन कॉस्टेलो नावाच्या एका मेकॅनिकने मग स्वतःच्या वर्कशॉपमध्ये एमजीबीत रोव्हरचं 3.5 लिटर व्ही-8 बसवलं. अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने ते मूळच्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या वजनाच्या आसपासच भरत होतं. 1973 मध्ये कारखान्यानेही एमजीबी जीटी व्ही-8 आणली; तीन वर्षांत 2,591 गाड्या बनल्या.

आपल्याकडे कारखान्यांनी इंजिन बदललं ते बहुधा शर्यतीपायी नव्हे. प्रीमियरने 1985 मध्ये फियाट 124च्या बॉडीत निसानचं 1171 सीसी इंजिन घालून 118 एनई काढली, हिंदुस्तान मोटर्सने 1992 मध्ये अँबॅसडरला इसुझूचं 1.8 लिटर दिलं. जुन्या आराखड्याचं आयुष्य वाढवणं हाच हेतू. खासगी हौसेला मात्र 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही.

टायगरच्या किमती चढल्यावर अल्पाइन विकत घेऊन तिच्यात फोर्डचं व्ही-8 कोंबणं आणि टायगर म्हणून खपवणं हा धंदाच झाला. या नकलांना शौकीन ‘अल्जर’ म्हणतात. अमेरिकेतल्या टायगर मालकांच्या संघटनेने त्यावर उपाय म्हणून तपासनीसांची व्यवस्था उभारली. ते इंजिनाकडे फारसं बघत नाहीत, कारण इंजिन कुठूनही आणता येतं. त्यांना बॉडी बघायची असते: जेन्सनच्या कामगारांनी अल्पाइनचा पत्रा कुठे कापला, कुठे जोडला, कुठे वेल्डिंग केलं. नेमक्या कोणत्या खुणा बघतात, ते तपासनीस बाहेर सांगत नाहीत.