शेरीफचा शब्द

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'च्या शेवटी एक मृत्यू दडपला जातो आणि वाचकाला हायसं वाटतं. हॅलोविनच्या रात्री बॉब ईवेल दोन मुलांच्या जिवावर उठतो. वर्षानुवर्षं घरात कोंडून राहिलेला बू रॅडली मुलांना वाचवतो, त्या झटापटीत ईवेल मरतो. शेरीफ हेक टेट हेका धरतो की, ईवेल स्वतःच्याच सुरीवर पडला. मुलांचे वडील ॲटिकस फिंच, कायद्याला धरून चालणारे वकील, आधी अडतात आणि मग गप्प होतात.

कथा घडते ती अलाबामात, १९३३ ते १९३५ या काळात. तिथला कायदा तेव्हा काय करत होता? २५ मार्च १९३१ रोजी मालगाडीतून जाणारी नऊ कृष्णवर्णीय पोरं पकडली गेली. दोन गोऱ्या स्त्रियांनी बलात्काराचा आरोप केला. स्कॉट्सबरोच्या कोर्टात जेमतेम पंधरवड्यात आठ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. पुढे जेम्स हॉर्टन या न्यायाधीशाने एका आरोपीवरचा निकाल रद्द केला, तर पुढच्या निवडणुकीत मतदारांनी त्यालाच घरी बसवलं.

लींना एवढं लांब जायचीही गरज नव्हती. त्यांच्या वकील वडिलांनी १९१९ मध्ये दोन कृष्णवर्णीयांचा बचाव केला होता. दोघेही फासावर गेले. मन्रोव्हिल या त्यांच्या गावाजवळच १९३३ मध्ये वॉल्टर लेट या मजुरावर गोऱ्या स्त्रीने आरोप केला. त्याची फाशी टळून जन्मठेप झाली, पण १९३७ मध्ये तो कैदेतच गेला.

कादंबरी आली १९६० मध्ये. पाच वर्षांपूर्वी मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला होता. तिथला शेरीफ कोर्टात आरोपींच्या बाजूने उभा राहिला, म्हणाला, प्रेत ओळखण्यासारखं नाही. ज्यूरीने तासाभरात दोघांना सोडलं. झुंडीने मारलेल्यांच्या चौकशीत 'अज्ञात इसमांच्या हातून मृत्यू' ही नोंद तर दक्षिणेत ठरलेलीच.

म्हणून टेटच्या बोलण्याशी मी दर वेळी अडखळतो. शेरीफचा शब्द म्हणजे कायदा, हीच सोय इथे एका बुजऱ्या माणसाला वाचवते. आणि बू गोरा आहे. ईवेलच्या मुलीवर बलात्काराचा खोटा आरोप झालेल्या कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनच्या वाट्याला मात्र खटला, ज्यूरी असं सगळं रीतसर येतं. मग तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या.

तरी बूला घरी पोचवणारी स्काउट, ॲटिकसची मुलगी, विसरता येत नाही. ती त्याला हात कोपरात वाकवायला लावते आणि त्यात आपला हात गुंफते. कुणी शेजारीण खिडकीतून पाहत असलीच, तर तिला दिसावं की तोच तिला सोबत करतोय. त्याच गावात टॉमची विधवा हेलन ईवेलांचं घर टाळायला लांबचा वळसा घालून कामाला जात होती. तिचा तो त्रास थांबवला लिंक डीझने, तिच्या मालकाने. शेरीफने नव्हे.